हरिलालभोवतीचं घर

महात्मा गांधींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्यावर मी लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. ‘तो’ लिहायचं की ‘ते’? मणिलाल, रामदास, देवदास या धाकट्या तिघांसाठी हात आपसूक ‘ते’ लिहितो. थोरल्याच्या वाट्याला ‘तो’ येतो. दारू शिरलेल्या घरात नेमकं हेच घडतं. कपाटाच्या किल्ल्या, पगाराचं पाकीट, सोयरिकीच्या बैठकीत बोलायचा मान हे सगळं पुढे जातं. त्याआधी ‘अहो’ जातो. ‘बाबा आले’चं नुसतं ‘आला’ होतं. असं बोलायचं कुणी ठरवलेलं नसतं. पण तिथून घरातली एक जागा मोकळी पडते आणि ती भरायला दुसऱ्या कुणाला तरी, बहुधा न विचारताच, उभं केलं जातं.

या लेखात मी ‘ते’च लिहिणार आहे.

प्रकरण म्हणून हेच घर का? आजच्या एखाद्या कुटुंबाची हकिकत मांडायची तर नाव, गाव, धंदा सगळं बदलावं लागतं, आणि बदलता बदलता तिच्यातला जीव जातो. गांधींच्या घरातली पत्रं, निवेदनं, आठवणी छापून सगळ्यांसमोर आहेत. शिवाय या हकिकतीचे शेवटचे टप्पे आपल्याच मुलखात घडले: वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई. आणखी एक कारण आहे. हे प्रकरण नेहमी दोघांचं म्हणून सांगितलं जातं. बाप चुकला की मुलगा, एवढाच खटला. मला त्या दोघांपेक्षा आई, मावशी, भाऊ आणि मुलं यांच्याकडे बघायचं आहे.

आधीचं सगळं

हरिलालांचा जन्म १८८८ चा. त्याच वर्षी वडील बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले, १८९१ मध्ये परतले आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. १९०६ मध्ये राजकोटच्या हरिदास व्होरांची मुलगी गुलाब हिच्याशी हरिलालांचं लग्न झालं. वडिलांना ते इतक्यात नको होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात हरिलाल पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले; लोक त्यांना ‘छोटे गांधी’ म्हणत. विलायतेत शिकायची त्यांना फार इच्छा होती. गांधींचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहतांनी त्यांच्या एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलायची तयारी दाखवली, पण गांधींनी ती संधी पुतण्या छगनलालला दिली. छगनलाल परत आल्यावर ती सत्याग्रहातले सहकारी सोराबजी अडाजानिया यांच्याकडे गेली. १९११ मध्ये हरिलाल बापाचं घर सोडून अहमदाबादला आले, मॅट्रिकला बसले, नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास.

इथवरच्या गोष्टीत दारू नाही. तरीही पुढचं सगळं इथूनच उगवलं, असं आपण सहज म्हणतो. खुद्द गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे की थोरल्याचे दोष हे आपल्याच त्या काळातल्या असंयमी, अर्धकच्च्या आयुष्याचे पडसाद आहेत. हरिलालांच्या मनात शिक्षण न मिळाल्याचा सल होता. १९१५ मध्ये त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहून तो मांडला. दोघांचीही बाजू खोटी नव्हती. पण कारण शोधणं हा व्यसनी माणसाच्या घरातला फार जुना उद्योग आहे, कारण कारण सापडलं की उपाय आपल्या हातात आहे असं वाटतं. आई म्हणते, लाड केले. बाप म्हणतो, वेळ दिला नाही. सासरचे म्हणतात, सुनेनं धरून ठेवलं नाही. एकमेकांकडे बोटं दाखवण्यात वर्षं जातात आणि बाटली आपली फळीवर सुखात असते.

पैसे कुणी दिले

१९१६ च्या सुमारास हरिलाल कलकत्त्यात होते आणि पैशांच्या अडचणीत होते. धाकट्या मणिलालनं आश्रमाच्या पैशातून त्यांना गुपचूप रक्कम पाठवली. गांधींना हे कळलं तेव्हा शिक्षा मणिलालला झाली. आश्रम सोडून जा, स्वतः कमावून खा. मणिलाल मद्रासला गेले, आणि १९१७ मध्ये तिथून दक्षिण आफ्रिकेला. उरलेलं आयुष्य त्यांचं तिकडेच गेलं.

तेव्हाची अडचण पैशांची होती, बाटलीची नव्हे, हे मान्य. पण अशा घरात वाट आधी पैशाचीच पडते. एक माणूस देणारा ठरतो. तो बहुधा दुसरा मुलगा किंवा लेक असते, आणि वडिलांना कळू न देता देते. शिक्षाही त्याच माणसाला होते, कारण तो हाताशी असतो. ज्यानं खड्डा पाडला तो कलकत्त्यात, म्हणून ज्यानं माती टाकली त्याला घराबाहेर काढलं. गांधींच्या तत्त्वाप्रमाणे आश्रमाचा पैसा हा सार्वजनिक पैसा होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. तरी घराचा हिशेब मांडला तर एका मुलाच्या पायी दुसराही लांब गेला, एवढं दिसतं.

मावशी

१९१८ च्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत गुलाब गेली. मागे चार मुलं: रामी, कांती, रसिक, मनू. हरिलालांचं पिणं त्यानंतर हाताबाहेर गेलं. म्हणजे मुलांची आई गेली, आणि बाप असून नसल्यासारखा झाला.

कस्तुरबा तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. चार मुलं वाढवून झालेली. त्यांनी आता नातवंडं पदराखाली घेतली. त्यांच्याबरोबर उभी राहिली ती गुलाबची बहीण बली. माय मरो पण मावशी जगो, ही आपल्याकडची म्हण आपण सहज म्हणून टाकतो. त्या मावशीला कुणी विचारत नाही की बाई, तुला हे हवं होतं का? मनूला तर बलीनंच लहानाचं मोठं केलं. गांधींची बलीला लिहिलेली पत्रं छापील आहेत म्हणून तिचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. एरवी अशा प्रकरणांच्या कागदात ‘मुलांचा सांभाळ नातेवाईक करतात’ एवढी एक ओळ असते. ते नातेवाईक जवळजवळ नेहमी बाई असतात.

इथे भूमिका कशा सरकल्या ते बघा. आजी आई झाली. मावशी आई झाली. आजोबा बाप झाले. आणि खऱ्या बापाला, समजा उद्या ते शुद्धीवर येऊन दारात उभे राहिले असते, तर बसायला जागाच उरली नव्हती. १९२९ मध्ये रसिक दिल्लीत आजारी पडून वारला. मिसरूड फुटायचं वय. त्याच्यावर लिहिलं तेही आजोबांनीच.

१९५४ मध्ये जोन जॅक्सन या संशोधिकेनं सिएटलमधल्या दारुड्यांच्या बायकांशी दीर्घकाळ बोलून या बदलांचे टप्पे मांडले. आधी घर ते नाकारतं. मग लपवतं. मग विस्कटतं. मग बायको सूत्रं हातात घेते आणि नवऱ्याला वगळून घराची नवी घडी बसते. ती घडी बसली की पोरांना वेळेवर जेवण मिळू लागतं, रात्री झोप लागू लागते. आणि मग नवरा जर खरंच दारू सोडून परत आला तर तीच घडी मोडावी लागते, नि तेव्हा भांडणं पुन्हा पेटतात. ‘पीत होते तेव्हा बरं होतं’ असं एखादी बाई चिडून म्हणते ना, तिला वेडी ठरवू नये. तिनं वीस वर्षं चालवलेली गाडी आता कुणीतरी बाजूला सर म्हणून चालवायला मागत असतं.

जाहीर नोटीस

१९२५ मध्ये गांधींकडे एका वकिलाचं पत्र आलं. लायलपूरच्या त्याच्या अशिलानं गांधींचं नाव बघून ऑल-इंडिया स्टोअर्स नावाच्या कंपनीत पैसे घातले होते. कंपनीशी हरिलालांचा संबंध होता, आणि आता पत्रांना उत्तरं येत नव्हती. गांधींनी ‘यंग इंडिया’त उघड उत्तर छापलं. हो, हरिलाल माझा थोरला मुलगा आहे. छत्तिशी उलटलेला, चार मुलांचा बाप. पंधरा वर्षांपूर्वीच आमचे आदर्श वेगळे असल्याचं दिसून आलं आणि तेव्हापासून तो वेगळा राहतो. कंपनीबद्दल मला माहिती नव्हती. आणि शेवटी वाचकांना इशारा, की मोठी नावं बघून व्यवहार करू नका. माणसं चांगली असली तरी त्यांची मुलं चांगली असतीलच असं नाही.

आपल्या जिल्हा दैनिकांच्या आतल्या पानावर आजही अशा नोटिसा असतात. ‘आमचा मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कुणी आर्थिक व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ खाली वकिलाचं नाव. ती वाचताना मला कधी कधी हसू यायचं, आता येत नाही. सावकार दारात बसलेला असताना बापाला स्वतःच्या म्हातारपणाची भाकरी वाचवायची असते. गांधींची नोटीस कायद्यानं आणि नीतीनं चोख होती. फक्त ती वाचणाऱ्यांत मोठी होत चाललेली नातवंडंही असणार होती. बाप नोटीस देतो तेव्हा तो बापाच्या जागेवरून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेलेला असतो, आणि तिथून परत येणं सोपं नसतं.

वर्ध्याचे महिने

१९३४ च्या अखेरीला बापलेकांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. हरिलालांना सुधारायचं होतं. १९३५ मध्ये ते वर्ध्याला येऊन राहिले. सगळ्यांना हुरूप आला. नंतर ते राजकोटला गांधींचे पुतणे नारणदास यांच्याकडे गेले आणि काही महिन्यांतच पिणं पुन्हा सुरू झालं. व्यसनमुक्ती केंद्रात याला ‘स्लिप’ म्हणतात आणि आजारात ताप परत यावा तसं बघतात. तेव्हा तो शब्द नव्हता. तेव्हा तो वचनभंग होता, आणि तोही कुणाला दिलेल्या वचनाचा!

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांना धरून सावरू लागले होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना आपली सुरुवात तिथून धरते. त्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी अल-ॲनॉन उभी राहायला १९५१ उजाडलं. तीही त्या दोघांपैकी एकाच्या बायकोच्या, लोइसच्या, पुढाकारानं. नवरा दारूतून बाहेर पडला होता, तरी ‘मग आता मी कोण’ हा प्रश्न तिला सुटत नव्हता. वर्ध्याला यातलं काही पोचायचा प्रश्नच नव्हता. हरिलालांना मिळालं ते प्रेम, देखरेख, आणि जगातल्या सर्वात प्रसिद्ध निर्व्यसनी माणसाच्या नजरेखाली राहणं. बरं व्हायला याहून अवघड जागा शोधून सापडली नसती, असं माझं मत आहे.

गंमत अशी की दारू हे दुर्गुणापेक्षा रोग अधिक आहे, सोडता आली तर आनंदानं सोडतील अशी माणसं मला ठाऊक आहेत, असं गांधींनीच लिहिलं होतं. गिरणी कामगारासाठी, खेड्यातल्या मजुरासाठी हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या घरात मात्र रोग्याला शपथच घालावी लागली. डॉक्टरांच्या घरचेही असेच अडकतात. आज वर्धा जिल्ह्यात गांधींच्या नावानं दारूबंदी आहे आणि तिथल्या बायकांना ती कितपत खरी आहे हे चांगलं माहीत आहे. तो विषय वेगळा.

बांचं पत्र

१९३६ च्या एप्रिलमध्ये हरिलाल नागपूरला आईवडिलांना भेटून गेले. मुंबईत पठाणांचं कर्ज अंगावर होतं, जिवाची भीती होती. मेच्या अखेरीस मुंबईच्या जुम्मा मशिदीत त्यांनी धर्म बदलला, नाव अब्दुल्ला घेतलं. त्याच वर्षी ते आर्य समाजामार्फत परतही आले. गांधींनी निवेदन काढलं, त्यावर देशभर चर्चा झाली. धर्माच्या अंगानं या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते इथे सोडून देते.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर वर्तमानपत्रांत आलेलं बांचं, म्हणजे कस्तुरबांचं, मुलाला पत्र. मद्रासमध्ये मध्यरात्री रस्त्यावर दारूच्या नशेत पोलिसांनी तुला धरलं आणि दुसऱ्या दिवशी एक रुपया दंड करून सोडलं, असं वाचलं, असं त्या लिहितात. रोज सकाळी वर्तमानपत्रात काय नवीन बदनामी येईल म्हणून थरकाप होतो. तू कुठे असशील, कुठे झोपत असशील, काय खात असशील असं मनात येतं. भेटावंसं वाटतं, पण शोधू कुठे? आणि पन्नाशीला आलेल्या मुलाजवळ जायचीही भीती वाटते, तू अपमान केलास तर?

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आई मुलाला घाबरते आहे, आणि तेही माराला नाही. असं घाबरणं घरोघर असतं. रात्री साडेदहाला जिन्यावर पाऊल वाजलं की ते कसं वाजलं यावरून आतल्या बाईला आजची रात्र कशी जाणार ते कळतं. पोरं टीव्ही बंद करतात. कुणी बोलत नाही. बां अक्षरानं फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी ते न बोलणं मोडलं आणि सगळ्या देशासमोर मोडलं. नवऱ्याच्या निवेदनांपेक्षा ही गोष्ट मला धाडसाची वाटते. त्यात उपदेश आहेच, रागही आहे. पण मध्येच ‘काय खात असशील’ येतं आणि मग ते निवेदन राहत नाही.

कटनी स्टेशनातला प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. गाडी थांबली, ‘महात्मा गांधी की जय’च्या घोषणा चालू असताना एक आवाज आला, ‘माता कस्तुरबा की जय’. फाटक्या कपड्यातले हरिलाल पुढे आले, खिशातून संत्रं काढून आईच्या हातात दिलं. बापूंनी विचारलं, माझ्यासाठी नाही? नाही, हे फक्त बासाठी. तुमचा सगळा मोठेपणा तिच्यामुळे आहे, हे विसरू नका. बां म्हणाल्या, आमच्याबरोबर चल. ते म्हणाले, आता ते व्हायचं नाही. गाडी हलली आणि बांना आठवलं, पोरगं उपाशी असेल, आपण त्याला काहीच दिलं नाही. टोपलीतली फळं घेतली तोवर फलाट मागे गेला होता.

आज एखादा समुपदेशक या बाईला ‘सहव्यसनी’ म्हणेल का? तो शब्द वापरायची आता फार घाई असते. नवऱ्याचा खाडा साहेबाला आजारपण म्हणून कळवणारी, उधारी फेडणारी, उलटी पुसून सकाळी काही झालंच नाही असं वागणारी बायको व्यसनाला टेकू देते, हे खरं आहे आणि तिला ते सांगावंही लागतं. पण मुलाला फळ द्यावंसं वाटणं म्हणजे टेकू नव्हे. बांनी पैसे पुरवले नाहीत, खोटं बोलल्या नाहीत, दारही बंद केलं नाही. अमेरिकेत शॅरन वेगशायडर-क्रूज यांनी अशा घरातल्या मुलांचे साचे मांडले: घराची अब्रू राखणारा हिरो, सगळ्यांचा राग झेलणारा, हरवलेला, हसवणारा. ओळखायला साचे उपयोगी पडतात. मात्र त्यात माणूस कोंबायला गेलं की हातपाय बाहेर राहतात.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे दारू पिणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. त्या गटात बाई नवऱ्याबद्दल बोलायला येते आणि हळूहळू स्वतःबद्दल बोलू लागते. बां, बली आणि मोठी झाल्यावर रामी अशा गटात एका सतरंजीवर बसल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, असा विचार मनात येऊन जातो. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे ५.७ कोटी आहेत. त्यांच्या घरातल्या माणसांचा आकडा त्यात धरलेला नाही.

अग्नी

१९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत, बां शेवटच्या दुखण्यात होत्या. थोरल्याला बघायचं होतं. हरिलाल एकदा येऊन गेले. पुन्हा आले ते आदल्या दिवशी, आणि पिऊन आले. बांनी कपाळ बडवून घेतलं; त्यांना बाहेर न्यावं लागलं. २२ फेब्रुवारीला बां गेल्या. अग्नी देवदासांनी दिला.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधींची हत्या झाली. नागपूरहून रामदास येईपर्यंत अंत्ययात्रा थांबवून ठेवली होती. आपल्याकडे बापाला अग्नी द्यायचा तो थोरल्यानं. राजघाटावर तो तिसऱ्या मुलानं दिला.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात हरिलाल वारले. साठ वर्षांचेही नव्हते.

रामीच्या मुलीनं, म्हणजे हरिलालांच्या नातीनं, पुढे म्हातारपणी त्यांची पत्रं, त्यांच्याबद्दलची पत्रं, घरातल्या आठवणी असं सगळं एकत्र केलं आणि गुजरातीत छापलं. बापाचा मुलगा म्हणून त्यांच्यावर आधीच ढीगभर लिहून झालं होतं. तिच्या लेखी ते आईचे वडील होते.